शेर्पा म्हणजे हमाल नाही, आणि नुसता वाटाड्याही नाही

२०२३ साली जी-२०चं अध्यक्षपद भारताकडे होतं, त्या वर्षभरात 'शेर्पा' हा शब्द मराठी बातम्यांत इतक्या वेळा आला की पंतप्रधानांच्या वतीने परिषदेच्या वाटाघाटी करणाऱ्या अमिताभ कांत यांच्या नावाआधी तो पदवीसारखा लागायला लागला, आणि तेव्हापासून कुठलीही शिखर परिषद आली की एक ठरलेला वाद सुरू होतो. काहीजण म्हणतात हा शब्द अपमानास्पद आहे, डोंगरात ओझी वाहणाऱ्या गरीब लोकांचं नाव उचलून एसी हॉलमध्ये बसणाऱ्या अधिकाऱ्यांना कशाला लावता. त्यांना उत्तर म्हणून दुसरे सांगतात की अहो शेर्पा म्हणजे वाटाड्या, यात कसला अपमान, हा तर त्या लोकांचा गौरव आहे. आणि तिसरे लोक असतातच, की मराठीत 'दूत' असताना ही उसनवारी हवीच कशाला. मला या तिघांचंही म्हणणं पटत नाही आणि जास्त खटकतं ते हे की तिघंही शब्दाचा अर्थ नीट न बघता भांडतायत. माझं मत आधीच सांगून टाकतो. शब्द राहू द्या, या कामाला इतका चपखल शब्द दुसरा नाहीये, पण त्याचा अर्थ 'हमाल' किंवा 'वाटाड्या' असा सांगणं बंद करा. शेर्पा हे आधी एका समाजाचं नाव आहे, आजही आहे, आणि वाटाघाटी करणाऱ्या माणसाला ते शोभतं ते ओझ्यामुळे नाही, जिथे वाटच नाही तिथे दुसऱ्याच्या आधी जाऊन वाट तयार करायची आणि माथ्यावरचा फोटो मात्र दुसऱ्याचा येणार हे माहीत असून करायची, या गोष्टीमुळे.

आधी मूळ बघू, कारण अर्धं भांडण तिथेच मिटतं. तिबेटी भाषेत 'शर' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे तिथला माणूस, म्हणजे शेर्पा म्हणजे पूर्वेकडचे लोक. पूर्व तिबेटातल्या खाम भागातून हे लोक काही शतकांपूर्वी हिमालय ओलांडून आजच्या नेपाळच्या सोलुखुंबू भागात आले असं मानलं जातं. या नावात ओझं कुठेही नाही, डोंगर चढणंही नाही, फक्त दिशा आहे. आणि 'जन्मजात गिर्यारोहक' वगैरे जे आपण सहज बोलून जातो तेही खरं नाही, कारण ही माणसं पिढ्यानपिढ्या याक पाळत होती, बटाटा पिकवत होती आणि नांगपा ला नावाच्या साडेपाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीतून तिबेटशी व्यापार करत होती, तिकडचं मीठ इकडे, इकडचं धान्य तिकडे. शिखरं त्यांच्या लेखी देवतांची ठिकाणं, खुंबूतला खुंबिला नावाचा डोंगर तर आजही कुणी चढत नाही. मग चढाई कुठून आली? ती आली दार्जिलिंगमधून. ब्रिटिशांच्या काळात कामाच्या शोधात शेर्पा दार्जिलिंगला आले, तिथे मोहिमांसाठी माणसं लागत होती, अलेक्झांडर केलस नावाच्या स्कॉटिश केमिस्टने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हेरलं की इतक्या उंचीवर ही माणसं कमालीचं काम करतात, आणि १९२१ पासून एव्हरेस्टच्या मोहिमा सुरू झाल्या त्या त्यांच्याच खांद्यावर. म्हणजे शेर्पा आणि ओझं ही सांगड मोहिमांच्या मजुरीतून तयार झालेली आहे, पहिली एव्हरेस्ट मोहीम धरली तर शंभरेक वर्षांची. 'शेर्पा म्हणजे हमाल, म्हणून शब्द अपमानाचा' असं जो म्हणतो तो नकळत साहेबांच्या मजुरीच्या वहीतलाच अर्थ खरा धरतो आणि त्याच्या आधीचा सगळा इतिहास पुसून टाकतो. मला तर वाटतं की दोन देशांच्या मधल्या खिंडीत राहून, दोन्हीकडच्या भाषा सांभाळून, या बाजूला काय हवंय आणि त्या बाजूला काय परवडेल हे ओळखून सौदा जमवणारा जुना शेर्पा व्यापारी हा आजच्या जी-२० शेर्पाच्या कामाला पाठीवर सिलिंडर वाहणाऱ्या शेर्पापेक्षाही जवळचा आहे, फक्त ज्यांनी हा शब्द उचलला त्यांना बहुतेक तो माहीतही नसावा.

आता हा शब्द परिषदांमध्ये गेला कसा. इथे एक गोष्ट सगळेच विसरतात, की 'शेर्पा' हा शब्द एकटा आलेला नाही, तो 'शिखर'च्या मागे आला. देशांच्या प्रमुखांच्या बैठकीला शिखर म्हणायची सुरुवात चर्चिलने केली, १९५० च्या फेब्रुवारीत एडिंबराच्या एका निवडणूक भाषणात त्याने शिखरावरच्या वाटाघाटींची कल्पना मांडली, मग १९५३ च्या मे महिन्यात पार्लमेंटमध्ये रशियाशी सर्वोच्च पातळीवर बोलणी व्हावीत असा आग्रह त्याने पुन्हा धरला, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. १९५५ ची जिनिव्हाची चार देशांची बैठक होईपर्यंत शिखर हा शब्द वर्तमानपत्रांत पक्का झाला होता. पुढे १९७५ च्या नोव्हेंबरात पॅरिसजवळच्या रांबुये इथल्या शॅटोमध्ये, म्हणजे जुन्या महालात, फ्रान्सचे जिस्कार देस्तँ आणि पश्चिम जर्मनीचे हेल्मुट श्मिट यांच्या पुढाकाराने सहा देशांचे प्रमुख जमले, पुढच्या वर्षी कॅनडा आला आणि जी-७ झाला. हे दोघंही आधी अर्थमंत्री राहिलेले, त्यांना नोकरशाहीचा लवाजमा नको होता, मोजकी माणसं शेकोटीभोवती बसून मोकळेपणाने बोलतील अशी कल्पना होती. पण मोकळं बोलायचं तरी कशावर, आणि बोलणं संपल्यावर कागदावर काय लिहायचं, हे कुणीतरी आधी ठरवायला लागतंच, म्हणून प्रत्येक नेत्याने परराष्ट्र खात्याच्या नेहमीच्या उतरंडीला वळसा घालून स्वतःचा एक विश्वासू माणूस नेमला. त्याचं अधिकृत नाव होतं वैयक्तिक प्रतिनिधी. आणि शिखरावर नेत्याला पोचवणारा हा माणूस म्हणून सत्तरीच्या उत्तरार्धात त्याला शेर्पा म्हणायला लागले, त्याच्या मदतनिसाला उपशेर्पा. नंतर जी-२०, ब्रिक्स, अणुसुरक्षा परिषद सगळीकडे हाच शब्द गेला, अमेरिकेत तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी नाव सुचवलेल्या माणसाला सिनेटर्सच्या भेटीगाठी घालून देणाऱ्या अनुभवी राजकारण्यालाही शेर्पा म्हणतात.

म्हणून माझा पहिला प्रश्न शब्द बदला म्हणणाऱ्यांना आहे. आपण 'शिखर परिषद' म्हणतो त्याला कुणाचीच हरकत नाही, तो तर आपण भाषांतर करून घरातच घेतलाय. मग शिखर ठेवायचं, शिखरावर उभा राहिलेला नेता ठेवायचा, फोटो ठेवायचा, आणि काढून टाकायचा तो फक्त शेर्पा? म्हणजे रूपकातली मानाची जागा तशीच ठेवून कष्ट करणाराच गाळायचा, आणि तेही त्याच्या सन्मानासाठी? हे मला उलटंच वाटतं. काढायचं तर अख्खं रूपक काढा, प्रमुखांची बैठक म्हणा आणि प्रतिनिधी म्हणा, तो निदान सुसंगत आग्रह होईल. पण शिखर असेल तर शेर्पा असायलाच हवा, कारण शेर्प्याशिवाय माणूस आपोआप माथ्यावर पोचतो हेच तर ते खोटं चित्र आहे जे गेली शंभर वर्षं मोडायचा प्रयत्न चाललाय.

आता हे लोक करतात काय ते जवळून बघा, कारण 'वाटाड्या' हा अर्थ का अपुरा आहे ते त्यातच कळतं. परिषदेच्या शेवटी जो जाहीरनामा निघतो तो दोन दिवसांत लिहिलेला नसतो. वर्षभर मसुदा फिरत असतो, ज्या शब्दावर कुणाचा आक्षेप असेल तो शब्द चौकोनी कंसात जातो, एका वाक्यात तीन देशांचे तीन पर्यायी शब्द एकापाठोपाठ कंसात उभे असतात, आणि शेर्प्यांचं काम म्हणजे एकेक कंस सोडवत जाणं. अडलं की मागच्या जाहीरनाम्यातली मान्य झालेली भाषा काढायची, कारण एकदा मान्य केलेल्या वाक्याला नाही म्हणणं अवघड जातं. डिसेंबर २०२२ मध्ये उदयपूर, मग २०२३ ला कुमारकोम, हंपी आणि शेवटी हरियाणात मानेसरजवळ अशा शेर्प्यांच्या बैठका झाल्या आणि युक्रेनचा परिच्छेद शेवटपर्यंत अडून राहिला. आधीच्या वर्षी बालीच्या जाहीरनाम्यात बहुतेक सदस्यांनी युद्धाचा तीव्र निषेध केला असं वाक्य होतं, रशिया आणि चीन ते पुन्हा घ्यायला तयार नव्हते, पाश्चात्त्य देश त्याच्या खाली यायला तयार नव्हते. शेवटी दिल्लीच्या मजकुरात बालीतल्या चर्चेची आठवण ठेवली, निषेधाचं वाक्य गेलं, आणि त्याऐवजी कुठल्याही देशाने बळ वापरून दुसऱ्याचा प्रदेश घेऊ नये हे तत्त्व आलं. कांत यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की एवढ्या भागासाठी दोनशे तासांहून जास्त वाटाघाटी, तीनशे द्विपक्षीय बैठका आणि पंधरा मसुदे लागले, आणि नागराज नायडू व ईनम गंभीर या दोन अधिकाऱ्यांची नावं त्यांनी आवर्जून घेतली. ८३ परिच्छेदांचा जाहीरनामा ९ सप्टेंबरलाच, म्हणजे परिषदेच्या पहिल्याच दिवशी, मंजूर झाला. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याला तो अजिबात आवडला नाही, त्यांनी तसं उघड म्हटलं, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. पण इथे मुद्दा असा की ते जे वाक्य शेवटी आलं ते आधी त्या रूपात तयार नव्हतं, कुणी दाखवावं आणि मागून जावं असं ते नव्हतं.

वाटाड्या असलेली वाट दाखवतो. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात, म्हणजे उतारावर तुटत खाली येणाऱ्या हिमनदीच्या पट्ट्यात, असलेली वाट नसते. तिथे हिमनदी रोज साधारण मीटरभर सरकते, कालची भेग आज रुंद झालेली असते, काल ज्या बर्फाच्या मनोऱ्याला वळसा घातला तो आज कोसळलेला असतो. म्हणून मोसम सुरू व्हायच्या आधी 'आइसफॉल डॉक्टर' म्हणून ओळखले जाणारे मोजके शेर्पा तिथे जातात, भेगांवर अॅल्युमिनियमच्या शिड्या टाकतात, एक पुरली नाही तर दोन-तीन शिड्या दोराने एकमेकींना बांधून, बर्फात खुंट्या ठोकतात, दोर ताणतात, आणि मग मोसमभर रोज जाऊन सरकलेल्या शिड्या परत जागेवर आणतात. ऊन चढलं की बर्फ सैल होतो म्हणून ये-जा रात्रीची आणि पहाटेची. परदेशी क्लायंट या पट्ट्यातून मोसमात मोजक्या वेळा जातो, सामान पोचवणारा शेर्पा कितीतरी जास्त वेळा. आता सांगा, कंसांनी भरलेला मसुदा, ज्यात काल मान्य झालेला शब्द आज राजधानीतून फोन आल्यावर पुन्हा कंसात जातो, आणि हे काम, या दोघांत साम्य नाही का? हे साम्य 'मार्गदर्शक' म्हटलं की संपतं. 'विशेष प्रतिनिधी' म्हटलं तर ते दिसतच नाही.

तरी विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे असे आहेत की ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला, एका जिवंत समाजाचं नाव कामाचं नाव होणं हेच मुळात धोक्याचं आहे. हे खरंय. 'गुरखा' या शब्दाचं आपण काय केलं बघा. गोरखा राज्याच्या नावावरून आलेला, सैन्यात ज्याला मान आहे असा शब्द, आणि शहरात रात्री शिट्टी वाजवत फिरणारा कुठलाही माणूस, तो नेपाळचा असो की आसामचा, त्याला आपण गुरखा म्हणून मोकळे झालो. युरोपात गुलाम या अर्थाचा इंग्रजी शब्द स्लाव्ह लोकांच्या नावावरूनच आला. फ्रेंचमध्ये 'स्विस' या शब्दाचा एक अर्थ चक्क द्वारपाल असा झाला, कारण स्वित्झर्लंडचे लोक भाडोत्री सैनिक आणि पहारेकरी म्हणून जायचे. म्हणजे ही घसरण होते, वारंवार होते, आणि तिचं कारण एकच, की ज्यांचं नाव आहे त्यांना कुणी विचारत नाही. शेर्प्यांनाही कुणी विचारलं नाही. शिवाय प्रत्यक्ष डोंगरातही हा गोंधळ आहेच, खुंबूच्या वाटांवर ओझी वाहणारे कितीतरी जण राई असतात, तामांग असतात, तरी पर्यटक सगळ्यांना शेर्पा म्हणतात, आणि दुसरीकडे शेर्पा आडनावाचा माणूस पायलट असू शकतो, डॉक्टर असू शकतो, काठमांडूत दुकान चालवू शकतो, तरी त्याला लोक विचारतात की एव्हरेस्ट कितीदा केलं. एक लाखाहून जास्त लोकांच्या समाजाला एकाच धंद्यात कोंबणं हा अन्याय आहे, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

पण मग यातून शब्द टाका हे निघतं का? आपल्याकडचंच दुसरं उदाहरण घ्या. मावळा म्हणजे मुळात मावळ खोऱ्यात राहणारा माणूस, बस. तो शिवाजी महाराजांच्या पायदळात गेला, लढला, आणि शब्दाचा अर्थ सैनिक झाला, पुढे निष्ठावान साथीदार झाला, आणि आज कोकणातला किंवा विदर्भातला माणूसही स्वतःला अभिमानाने मावळा म्हणवतो. प्रदेशाच्या नावाचं कामाचं नाव इथेही झालं, मग मावळा वर का गेला आणि गुरखा खाली का आला? माझ्या मते फरक असा, की मावळ्याची गोष्ट सांगितली गेली. तानाजीबरोबर सिंहगड चढणारे कोण होते, बाजीप्रभूंबरोबर खिंडीत कोण उभं होतं हे आपल्याला माहीत आहे, शब्द उच्चारला की मागचा इतिहास बरोबर येतो. गुरख्याच्या बाबतीत शहराने ती गोष्ट ऐकूनच घेतली नाही. म्हणजे शब्द राहतो की जातो याने समाजाचा मान ठरत नाही, शब्दाबरोबर काय सांगितलं जातं याने ठरतो. आणि म्हणूनच 'शेर्पा म्हणजे वाटाड्या' ही एका ओळीची चौकट छापून जे मोकळे होतात त्यांच्यावर माझा राग शब्द बदला म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त आहे.

दुसरा मुद्दा त्याहून जड आहे, आणि मला वाटतं या सगळ्या वादातला सगळ्यात खरा मुद्दा तोच आहे. डोंगरातला शेर्पा मरतो, हॉलमधला शेर्पा मरत नाही. १९२२ साली एव्हरेस्टवर हिमस्खलन होऊन सात जण गेले, सातही जण ओझी वाहणारे, साहेब एकही नाही. १९३९ ला के-टूवर, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर, अडकलेल्या डडली वुल्फ या अमेरिकन माणसाला आणायला पासांग किकुली, पासांग कितार आणि फिन्सू हे तिघे परत वर गेले आणि परतले नाहीत. १८ एप्रिल २०१४ ला खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा मोठा कडा कोसळला आणि एका सकाळी सोळा नेपाळी कामगार गेले, त्यातले बहुतेक शेर्पा. त्यानंतर नेपाळ सरकारने घरच्यांना सुरुवातीला जी मदत जाहीर केली ती होती चाळीस हजार नेपाळी रुपये, आणि हे ऐकल्यावर बेस कॅम्पवरच्या शेर्प्यांनी काम थांबवलं, तो मोसम तिथेच संपला. विम्याची किमान रक्कम पंधरा लाख नेपाळी रुपये झाली ती त्या संतापानंतर. आता या माणसांचं नाव अशा कुणालातरी देणं, ज्याची जोखीम फार तर झोप न मिळण्याची आणि परिषद फसली तर नाचक्कीची आहे, हे बरोबर आहे का? मी मान्य करतो की तराजूत ही दोन्ही टोकं कधीच बरोबरीची होणार नाहीत, आणि जो कुणी जी-२० शेर्पा स्वतःच्या कष्टांचं वर्णन एव्हरेस्टच्या भाषेत करेल त्याने ही सोळा माणसं आधी आठवावीत.

पण शब्द काढून टाकल्याने खुंबूत एकही शिडी सुरक्षित होत नाही. २०१४ ला जे थोडंफार बदललं ते शेर्प्यांनी स्वतः काम बंद ठेवल्यामुळे बदललं. उलट हा शब्द जगातल्या सगळ्यात ताकदवान वीसेक माणसांच्या टेबलाशेजारी बसलेला आहे, ही त्या समाजाच्या दृष्टीने एक उघडी खिडकी आहे, आणि ती बंद करून काय मिळणार? हिमनद्या वितळतायत, हिमप्रपात जास्त बेभरवशाचा होतोय, आणि ज्या कागदांवर उत्सर्जन आणि हवामानासाठीच्या पैशाची वाक्यं घासली जातात त्या कागदांवर कंस सोडवत बसलेल्या माणसांचं पदनाम शेर्पा आहे. हा धागा कुणी पकडायला हवा होता. शब्दाला विरोध करण्यात जी शक्ती गेली ती इथे लावली असती तर जास्त उपयोग झाला असता असं मला मनापासून वाटतं.

गौरवाचा मुद्दा मांडणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. शब्द वापरला म्हणजे गौरव झाला असं नसतं. १९५३ ला एव्हरेस्ट सर झाल्यावर हिलरी आणि मोहिमेचे प्रमुख जॉन हंट यांना 'सर' किताब मिळाला आणि तेनसिंगला जॉर्ज मेडल. त्यामागची कारणं काय यावर वेगवेगळं बोललं जातं, पण यादी ही अशी होती. त्याच्या आदल्याच वर्षी तेनसिंग स्विस मोहिमेत रेमाँ लांबेरबरोबर जवळपास ८,६०० मीटरपर्यंत जाऊन आला होता, १९३५ पासून तो या डोंगरावर येत होता, आणि परत आल्यावर जगाला पडलेला प्रश्न काय, तर आधी पाऊल कुणाचं पडलं. त्या काळात दोघांनी मिळून निवेदन दिलं की आम्ही जवळजवळ बरोबरच पोचलो, पुढे तेनसिंगने स्वतःच सांगून टाकलं की हिलरी काही पावलं पुढे होता. दोराला बांधलेल्या माणसांना हा प्रश्नच अडाणीपणाचा वाटतो हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. नेत्याच्या शेर्प्याच्या बाबतीत आपण तेच करतो, जाहीरनाम्याचं श्रेय कुणाचं, या देशाचं की त्या देशाचं, मोदींचं की बायडेनचं, आणि मधले दोनशे तास कुणाच्याच खात्यावर जात नाहीत.

इथे दोन्ही शेर्प्यांत एक फरक पडतो, तोही सांगायला हवा. परिषदेचा शेर्पा स्वतः शिखरावर जाऊ शकतो. इमान्युएल माक्राँ हे फ्रान्स्वा ओलाँद यांचे शेर्पा होते आणि पाच वर्षांत स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले, हेल्मुट कोल यांचे शेर्पा होर्स्ट क्योलर पुढे जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले, आपल्याकडे माँटेकसिंग अहलुवालिया, सुरेश प्रभू, शक्तिकांत दास हे सगळे आधीच मोठी नावं असलेले लोक. डोंगरातल्या शेर्प्याला ही शिडी फार उशिरा मिळाली. पण मिळाली, आणि हे 'बिचारे हमाल' म्हणणाऱ्यांना बहुतेक माहीत नसतं. आज एव्हरेस्टवरच्या मोहिमांचा मोठा भाग नेपाळी, त्यातही शेर्पा मालकीच्या कंपन्या चालवतात. २०२१ च्या जानेवारीत के-टू हिवाळ्यात पहिल्यांदा चढलं गेलं ते दहा नेपाळी लोकांकडून, त्यातले नऊ शेर्पा, आणि माथ्याच्या थोडं खाली थांबून सगळे एकत्र वर गेले म्हणजे पहिलं पाऊल कुणाचं हा प्रश्नच उरू नये. कामी रिता शेर्पा २०२५ च्या मे महिन्यात एकतिसाव्यांदा एव्हरेस्टवर पोचला. या माणसांच्या नावाची दया येऊन ते झाकून ठेवायचं, हे त्यांना लहान करणं आहे.

राहिला मराठी शब्दाचा आग्रह. मी मराठीवर प्रेम करणारा माणूस आहे आणि हा आग्रह मला परका नाही, शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, डबीराचा सुमंत केला, सरनौबताचा सेनापती केला, ही आपली परंपरा आहे. पण त्याच परंपरेत पेशव्याचा पंतप्रधानही केला होता, आणि अठराव्या शतकात लोकांच्या तोंडी काय राहिलं, तर पेशवा. भाषा काय ठेवेल हे कोश ठरवत नाही. आणि या क्षेत्रातले आपले शब्द तरी कुठून आलेत? मुत्सद्दी हा शब्द अरबी, मोगलांच्या राज्यात मुत्सद्दी म्हणजे कारकून, हिशेबनीस, बंदरावरचा अंमलदार, मराठीत येऊन तो राजकारणात मुरलेला धूर्त माणूस झाला, चांगला वर चढला. एलची, म्हणजे राजदूत, हा तुर्की. आणि वकील! हिंगणे घराण्यातले लोक दिल्लीत पेशव्यांचे वकील होते, गोविंदराव काळे हैदराबादला निजामाच्या दरबारात वकील होते, आणि ते नुसते निरोप पोचवत नव्हते, वर्षानुवर्षं तिथे राहून, रोजच्या बातम्या लिहून, चौथाईच्या थकबाकीपासून दरबारातल्या रागलोभापर्यंत सगळं सांभाळून आपल्या मालकासाठी वाट काढत होते. खरं म्हणजे शेर्प्याला हाच शब्द शोभला असता, पण तो इंग्रजांच्या अमदानीत कोर्टात गेला आणि आता परत येणार नाही. दूत हा निरोप नेतो आणि आणतो, मसुदा घडवत नाही. प्रतिनिधी कुणीही असतो, खो-खोच्या संघाचासुद्धा. वाटाघाटीकार हा शब्द बोलताना अडखळतो आणि त्यात हा माणूस थेट नेत्याचा असतो, खात्याचा नाही, ही गोष्ट येत नाही, आणि जी-२० मध्ये अर्थमंत्र्यांचा वेगळा रस्ता आणि शेर्प्यांचा वेगळा रस्ता अशी जी विभागणी आहे ती समजावताना तर हे सगळे शब्द कमी पडतात. शिवाय शेर्पा परका कसा? दार्जिलिंगमध्ये १९५४ साली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तेनसिंग तिथे प्रशिक्षणाचा पहिला प्रमुख झाला, तो शेवटपर्यंत दार्जिलिंगचाच राहिला. पॅरिसच्या बाहेर जमलेल्या लोकांनी हा शब्द आपल्या बाजूच्या डोंगरातून नेला, तो त्यांच्याकडून परत येतोय म्हणून तो इंग्रजी होत नाही.

एका बाबतीत मात्र मी या शब्दावर पूर्ण समाधानी नाही. डोंगरावर एका दोरातल्या सगळ्यांना एकाच माथ्यावर जायचं असतं. परिषदेत वीसेक शेर्प्यांना वीसेक वेगळ्या माथ्यांवर जायचं असतं, आणि कुठला माथा गाठण्याजोगा आहे हे प्रत्यक्षात तेच ठरवतात. डोंगरातला शेर्पा क्लायंटला सांगू शकतो की हवा बिघडली, परत फिरू, पण कुठलं शिखर चढायचं हे क्लायंट ठरवून आलेला असतो. इथे बहुतेक निवडून न आलेली, संसदेला थेट उत्तर न देणारी माणसं बंद खोलीत बसून कुठला शब्द राहील आणि कुठला जाईल हे ठरवतात, आणि तो शब्द पुढे कर्जमाफीच्या, हवामान निधीच्या, लसींच्या वाटपाच्या चर्चांना दिशा देतो. 'शेर्पा' म्हटलं की सेवाभाव डोळ्यांसमोर येतो आणि ही सत्ता नजरेआड जाते. शब्दावर वाद घालायचाच असेल तर मला हा वाद घालायला आवडेल, की मधले मसुदे काही वर्षांनी तरी खुले व्हावेत का, आपल्या शेर्प्याने परिषदेआधी आणि नंतर संसदीय समितीसमोर यावं का, आणि ज्या वाक्यावर आपण माघार घेतली ते कुठलं होतं आणि कशाच्या बदल्यात, हे त्याला तिथे विचारता यावं का.